डोंगराची खबर, मेंदूची खबर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

धोक्याच्या पूर्वसूचनेमागचे विज्ञान या विषयावर प्रश्न मागवले होते. ज्वालामुखी, संगणकांची जाळी आणि मेंदू अशा तीन वेगळ्या गठ्ठ्यांत पत्रे लावायला घेतली, पण वाचता वाचता गठ्ठे एकमेकांत मिसळले. बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट आहे : खबर जर आधीच उमटलेली असते, तर ती वेळेत का पोचत नाही? सगळी पत्रे घेता आली नाहीत. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : सह्याद्री लाव्हारसातून घडला असे शाळेत शिकलो. आमच्या भागात गरम पाण्याचे झरे आहेत. म्हणजे खाली अजून काही धुमसते आहे का? (राजापूर)

नाही, निर्धास्त राहा. आपला काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगाभेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. ज्या उष्ण स्रोतावर तेव्हा आपली भूमी होती, तो मागे राहिला आणि भारत उत्तरेकडे सरकला. आज तो हिंदी महासागरात रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी वरचेवर जागा होत असतो. राजापूर, उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरी इथले पाणी तापते ते जमिनीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने. पावसाचे पाणी खोल भेगांत उतरते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जाणारी ऊब घेते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. भारतातला जागृत ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर आहे. दीर्घ काळ शांत राहून १९९१मध्ये तो पुन्हा उसळला. त्या बेटावर माणसांची वस्ती नाही.

प्रश्न : कोलंबियातल्या आर्मेरो गावाबद्दल वाचले. शास्त्रज्ञांना धोका माहीत होता म्हणतात. मग २३ हजार माणसे कशी गेली? (निवृत्त तलाठी, सातारा)

या पत्राचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण या शाखेचा पुढचा सगळा इतिहास त्या एका रात्रीने बदलला.

नेवादो देल रुईस हा बर्फाची टोपी घातलेला डोंगर १९८४च्या अखेरीपासून कुरकुरत होता. ११ सप्टेंबर १९८५ला वाफेचा स्फोट होऊन चिखलाचा एक लोट दरीतून काही कोस खाली आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला धोक्याचा नकाशा तयार झाला. दगडधोंडे आणि राख मिसळलेला चिखल नदीच्या पात्रातून धावत येतो, त्याला लाहार म्हणतात. आर्मेरो अशा लाहारच्या वाटेत आहे, हे त्या नकाशात दाखवले होते. गाव वसले होते तेच मुळी जुन्या लाहारच्या गाळावर. त्या जागेवर १५९५मध्ये आणि १८४५मध्ये असेच लोट येऊन गेले होते.

१३ नोव्हेंबर १९८५. दुपारी गावावर राख पडू लागली. गाव हलवण्याची चर्चा झाली, पण लोकांपर्यंत गेला तो ‘घाबरू नका, घरातच थांबा’ हा निरोप. रात्री नऊच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. ज्वालामुखीच्या हिशेबात तो लहानच होता आणि त्याने डोंगरावरच्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळवला, पण तेवढे पाणी पुरले. लोट सत्तर किलोमीटरहून अधिक अंतर कापून साडेअकराच्या सुमारास आर्मेरोत शिरला. म्हणजे उद्रेकापासून दोन तासांहून जास्त वेळ हाताशी होता! उंच टेकडी गाठायला तेवढा वेळ पुष्कळ झाला असता. वरच्या गावांतून खाली खबर देण्याचे प्रयत्न झालेही, पण वादळी पाऊस, गेलेली वीज आणि आदेश कोणी द्यायचा याचा घोळ यांत ती अडकली.

तुम्ही महसूल खात्यात होतात, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल : नकाशा तयार असणे वेगळे आणि गावाला उठवण्याचा अधिकार कोणाचा हे ठरलेले असणे वेगळे. खोटा इशारा दिला तर काय, ही भीतीही खरी होती. १९७६मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलुप बेटावर ज्वालामुखीच्या भीतीने सत्तर हजारांहून जास्त लोकांना महिनोन् महिने घराबाहेर ठेवले होते आणि मोठा उद्रेक झालाच नाही. तरीही माझे मत पक्के आहे. फुकट गेलेल्या स्थलांतराचा खर्च कितीही मोठा असला, तरी तो पुढे भरून काढता येतो.

आर्मेरोनंतर १९८६मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने दुसऱ्या देशांच्या मदतीला उपकरणांसह धावून जाणारे एक पथक उभे केले. १९९१मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो जागा झाला, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर हे पथक होते. त्यांनी इशाऱ्याच्या पाच सोप्या पायऱ्या ठरवल्या. लाहार आणि तप्त राखेचे लोंढे प्रत्यक्ष कसे दिसतात, याची चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली. ती दृश्ये टिपणारे फ्रेंच दांपत्य मोरिस आणि कातिया क्राफ्त त्याच वर्षी, ३ जूनला, जपानच्या उनझेन ज्वालामुखीवर मृत्यू पावले. १५ जूनला पिनातुबो फुटला. तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होता, तरी किमान पाच हजार जीव वाचले असा अंदाज आहे. जे गेले त्यांतले पुष्कळजण त्याच दिवशी आलेल्या चक्रीवादळाच्या पावसाने जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळून गेले.

प्रश्न : माझा प्रकल्प बिनतारी सेन्सर जाळ्यांवर आहे. ज्वालामुखीवर नोड ठेवून सगळा डेटा सरळ खाली का पाठवत नाहीत? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

कारण तो मावत नाही आणि बॅटरी पुरत नाही. इक्वेडोरच्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर २००५मध्ये हार्वर्डच्या गटाने केलेला प्रयोग तुमच्या प्रकल्पाचा पाया व्हावा इतका चांगला आहे. त्यांनी सोळा नोड, म्हणजे मापक आणि रेडिओ असलेली छोटी यंत्रे, तीन किलोमीटरच्या पट्ट्यात मांडले. प्रत्येकावर भूकंपमापक आणि कानाला ऐकू न येणारे खर्जातले आवाज टिपणारा मायक्रोफोन. आता गणित मांडून बघा. सेकंदाला १०० मापने, प्रत्येक २४ बिटांचे, आणि अशा दोन वाहिन्या : एका नोडमागे ४.८ किलोबिट, सोळांचे मिळून ७७ किलोबिट. रेडिओचा कागदावरचा वेग २५० किलोबिट असतो, पण सगळे नोड एकच हवा वाटून घेतात आणि एकाचा निरोप दुसऱ्या-तिसऱ्याने पुढे ढकलायचा असतो. प्रत्यक्षात हाती येणारा वेग त्याच्या अंशानेच उरतो.

म्हणून त्यांनी निर्णयाचा काही भार नोडवर टाकला. प्रत्येक नोड आपल्यापुरता डेटा साठवत राही आणि हादरा जाणवला की फक्त ‘जाणवला’ एवढे कळवी. थोड्या अवधीत पुरेशा नोडांनी तसे कळवले, तरच खालचे केंद्र सगळ्यांकडून शेवटच्या साठ सेकंदांचा डेटा मागवी. एकटा नोड वाऱ्याने किंवा जनावराच्या पायाने हलला तर जाळे दुर्लक्ष करी. एकोणीस दिवसांत २३० घटना अशा टिपल्या गेल्या.

पण तुम्ही सर्वांत लक्ष द्यायला हवे ते बिघाडांकडे. जाळे एकूण काळाच्या सुमारे ६१ टक्केच चालू होते. डोंगरावरच्या नोडांनी चांगला तग धरला. खंड पडला तो मुख्यतः केंद्राकडची वीज जाण्याने आणि सॉफ्टवेअरमधल्या चुकीने. शिवाय नोडांची घड्याळे मधूनमधून भरकटत. हादऱ्याचा उगम शोधायचा तर लहर कोणत्या नोडला किती सहस्रांश सेकंद आधी पोचली हे कळावे लागते, त्यामुळे चुकीच्या वेळेचा डेटा ज्वालामुखीतज्ज्ञाच्या उपयोगाचा नसतो. या गटाने मोहिमेनंतर घड्याळांच्या चुका दुरुस्त करण्याची रीत बसवली आणि आपल्या उणिवा आकड्यांसह छापल्या. तुमच्या अहवालात वेळ जुळवण्यासाठी वेगळे प्रकरण ठेवा. बहुतेक विद्यार्थी ते दोन ओळींत उरकतात.

प्रश्न : आम्ही ऑकलंडला राहतो. २०२२मध्ये शेजारच्या टोंगन कुटुंबाला घरच्यांची खुशाली कित्येक दिवस कळली नाही. सॅटेलाइटच्या जमान्यात असे कसे? (गृहिणी, न्यूझीलंड)

कारण जगाचा बहुतेक सारा डेटा आजही समुद्राच्या तळावरच्या केबलीतूनच जातो. १५ जानेवारी २०२२ला हुंगा टोंगा–हुंगा हापाय हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. राखेचा स्तंभ ५७ किलोमीटर वर गेला आणि जड राख परत कोसळून समुद्राच्या उतारावरून लोंढ्यासारखी धावली. तासाला १२२ किलोमीटरपर्यंतचा तो वेग! त्याने फिजीकडे जाणारी केबल तोडली आणि बेटाबेटांना जोडणारी देशांतर्गत केबलही. सॅटेलाइटवरून थोडेफार बोलणे सुरू झाले, पण एक लाख माणसांचा भार त्या वाटेला झेपणारा नव्हता. मुख्य बेटाची केबल जोडायला पाच आठवडे लागले. बाहेरच्या काही बेटांना दीड वर्ष थांबावे लागले. आपणही यातून शिकावे : भारताच्या समुद्री केबलींपैकी बऱ्याचशा मुंबईत वर्सोव्याच्या लहानशा किनारपट्टीवर एकत्र येतात. तिथे ज्वालामुखी नाही, पण जहाजाचा नांगरही केबल तोडतो.

हीच केबल आता पहारेकरी होऊ लागली आहे, हे तुम्हाला आवर्जून सांगायचे आहे. न वापरलेल्या ऑप्टिकल फायबरमध्ये लेझरचे ठोके सोडले की काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून थोडा प्रकाश मागे येतो. जमीन किंचित ताणली गेली तरी त्या परतीच्या प्रकाशात फरक पडतो, म्हणजे केबलचा प्रत्येक तुकडा मापक बनतो. आइसलँडमध्ये ग्रिंडाविक हे गाव नोव्हेंबर २०२३मध्ये रिकामे करावे लागले. त्यानंतर त्या भागातल्या दूरसंचार केबलवर अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या संशोधकांनी हे तंत्र लावले आणि भेगेत चढणारा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, मिनिटामिनिटाला दिसू लागला. टोंगासारख्या छोट्या देशांना हे तंत्र स्वस्तात मिळावे, अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : मेंदू म्हणजे इंटरनेटच आहे असे म्हणता येईल का? (अकरावी, जळगाव)

म्हणता येणार नाही. तुलना करून बघायला मात्र हरकत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, असतात. त्यांचा निरोप जलद तंतूंतूनही सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरच जातो, फायबरमधला प्रकाश दोन लाख किलोमीटर. इंटरनेटवर डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो आणि अशा प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, पत्ता असतो. न्यूरॉनच्या ठोक्यावर तो नसतो, कोणता तंतू कोणाला जोडला आहे त्यातच पत्ता आला.

एक साम्य मात्र मला मनापासून आवडते. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या दोन शेजारच्या संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. जो तो अडकलेला डेटा पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि कोंडी वाढत होती. संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेला तोडगा आजही तुमच्या मोबाइलमध्ये बदललेल्या रूपात काम करतो : सगळे सुरळीत असेल तर वेग थोडा थोडा वाढवा, कोंडी दिसली की एकदम निम्मा करा. कोणी मुकादम नाही, प्रत्येकजण आपल्यापुरते बघतो. न्यूरॉनांमधल्या जोडण्या, म्हणजे सिनॅप्स, बळकट होतात आणि दुबळे पडतात त्याचे नियमही याच धाटणीचे असावेत, अशी मांडणी जोनाथन सुएन आणि साकेत नवलखा या संशोधकांनी २०१७मध्ये केली. ही मांडणीच आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे.

आणि न्यूरॉनांच्या जोडण्यांचा नकाशा हाती आला की मेंदू कळला, असे समजू नकोस. ३०२ न्यूरॉनांच्या एका कृमीचा पूर्ण नकाशा १९८६पासून उपलब्ध आहे, फळमाशीच्या १,३९,२५५ न्यूरॉनांचा २०२४मध्ये आला. तो कृमी पुढच्या क्षणी काय करील हे नुसत्या नकाशावरून अजूनही सांगता येत नाही.

प्रश्न : ज्वालामुखीमुळे माणसाच्या मेंदूची काच झाली, हे खरे? (ठाणे)

इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ. स. ७९च्या उद्रेकात हर्क्युलेनियम या गावात मेलेल्या एका माणसाच्या कवटीत काळा, काचेसारखा पदार्थ सापडला. इटालियन संशोधकांनी २०२०मध्ये तो मेंदूच असल्याचे आणि त्यात न्यूरॉनांची रचना दिसत असल्याचे मांडले. २०२५च्या अभ्यासानुसार ५१० अंशांहून तप्त राखेचा ढग झरकन येऊन गेला आणि लगेच थंडावा आला, म्हणून काच झाली. सगळ्या तज्ज्ञांना ते पटलेले नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला फिट येतात. मेंदूतले झटके भूकंपासारखेच असतात असे वाचले. मग त्यांची आधी सूचना मिळू शकेल का? (एक आई, नांदेड)

ताई, उपचारांचे तुमचे न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. मी संशोधन कुठवर आले आहे ते सांगते.

तुम्ही वाचले ते बहुधा २०१०च्या एका अभ्यासाबद्दल असावे. लहान हादरे पुष्कळ, मोठे मोजके, आणि एकानंतर दुसरा येण्याची शक्यता वाढलेली, हे भूकंपांचे आकडेशास्त्र अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजाराच्या, झटक्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडते असे त्यात दिसले. पण आकड्यांची ठेवण सारखी असली म्हणून कारणे एक होत नाहीत, आणि भूकंपाची तर नेमकी वेळ आजही सांगता येत नाही.

तुमच्या उपयोगाची तुलना ज्वालामुखीशी आहे. तिथे ‘अमुक वाजता फुटेल’ असे सांगत नाहीत, ‘या आठवड्यात धोका वाढला आहे’ असे सांगतात. अपस्मारातही संशोधन त्याच दिशेला गेले. मेलबर्नमध्ये पंधरा रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवून, धोका कमी की जास्त हे दिव्याच्या रंगाने दाखवणारे यंत्र आजमावले गेले. त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. काहींच्या बाबतीत ते चांगले चालले, काहींच्या नाही. २०१८मध्ये असेही दिसले की पुष्कळ रुग्णांच्या मेंदूतल्या विकृत ठोक्यांना काही दिवसांची, कित्येकदा वीस-तीस दिवसांची भरती-ओहोटी असते. म्हणून एक वही ठेवा. झटक्याची तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, ताप, चुकलेली गोळी, सगळे लिहा. डॉक्टरांना त्याचा खरोखर उपयोग होतो.

आणि घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. झटका आला की मुलाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, गळ्याजवळचे कपडे सैल करायचे आणि घड्याळ बघायचे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचे नाही. कांदा किंवा चप्पल हुंगायला द्यायची नाही, तिने झटका थांबत नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर १०८ला फोन करायचा. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका, झटके कितीही महिने आले नसले तरी.