ओपन जिममधील कोणते यंत्र कशासाठी असते आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारले आहे की, वसाहतीजवळच्या उद्यानात नव्याने झालेल्या ओपन जिममध्ये दहा-बारा प्रकारची यंत्रे बसवली आहेत, कोणते कशासाठी ते त्यांवरच्या चित्रांवरून नीट उमगत नाही, तुमचे वय ५२ आहे आणि ७४ वर्षांच्या आईही सोबत यायचे म्हणत आहेत. तर सुरुवात कुठून करावी? मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतर रोज सकाळी अशाच एका उद्यानात जातो आणि तिथे येणाऱ्यांना जे मला येते ते दाखवतो, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

यंत्रांची नावे लक्षात ठेवण्याच्या आधी प्रत्येक यंत्राजवळ क्षणभर थांबून एकच गोष्ट पाहावी: त्यावर बसलेल्या किंवा उभ्या असलेल्या माणसाचे वजन कुठे जाते? बंदिस्त जिममध्ये लोखंडी प्लेटा चढवून भार कमी-जास्त करता येतो. उद्यानात सुट्या वस्तू उघड्यावर ठेवता येत नाहीत, त्यामुळे तिथल्या बहुतेक यंत्रांत भार म्हणून व्यायाम करणाऱ्याचे स्वतःचे शरीरच वापरलेले असते. काही यंत्रांत हे शरीर नुसते झुलते, काहींत ते थोडेसे वर उचलले जाते, आणि सिंगल बारवर ते सगळेच्या सगळे हातांवर येते. एवढा फरक ओळखता आला की कोणत्या यंत्राने ताकद वाढेल आणि कोणत्याने केवळ सांधे मोकळे होतील, हे कोणाला विचारावे लागत नाही.

झुलणाऱ्या यंत्रांत सर्वांत लोकप्रिय एअर वॉकर. दोन लांब दांड्यांच्या टोकांना असलेल्या पट्ट्यांवर पाय ठेवायचे, समोरचा दांडा धरायचा आणि पाय आलटूनपालटून पुढे-मागे न्यायचे. हे दांडे लंबकासारखे आपल्याच ओघाने हलतात, त्यामुळे स्नायूंना फारसा जोर लावावा लागत नाही. मात्र पाऊल जमिनीवर आपटत नसल्यामुळे गुडघ्यांना धक्का बसत नाही आणि खुब्याचा सांधा छान मोकळा होतो. व्यायामाच्या आरंभी तीन-चार मिनिटे अंग गरम करण्यासाठी ते उत्तम आहे. अडचण अशी की पुष्कळ लोक वीस मिनिटे त्यावरच झुलतात आणि व्यायाम झाला असे समजून घरी जातात. पाय फार लांब फेकू नयेत, आणि दोन्ही पट्ट्या पूर्ण थांबल्याशिवाय खाली उतरू नये. मी पाहिलेल्या पडझडीपैकी बहुतेक उतरतानाच झाल्या आहेत. क्रॉस ट्रेनरमध्ये हातापायांची हालचाल एकत्र होते आणि चाकाचा थोडा विरोध असल्यामुळे दमही लागतो, म्हणून चालण्याला पर्याय म्हणून तो एअर वॉकरपेक्षा सरस आहे. दोन बाजूंना हेलकावणारा सर्फबोर्ड आणि वरखाली होणारा हॉर्स रायडर ही मजेची यंत्रे आहेत. त्यांवर वेळ घालवायला हरकत नाही, पण आधी महत्त्वाचे व्यायाम आटोपून.

लेग प्रेसबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तुमच्या आईंसाठी संपूर्ण ओपन जिममधले सर्वांत मोलाचे यंत्र तेच आहे. यात पाय ठेवण्याची जागा स्थिर असते आणि आसन वरून लोखंडी दांड्यांनी टांगलेले असते. पायांनी रेटा दिला की आसन तुमच्यासकट मागे आणि किंचित वर जाते. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला मागे ओढून धरताना सुरुवातीला काहीच जड वाटत नाही आणि झोका जसजसा वर जातो तसतसा हाताला भार जाणवतो, तोच प्रकार इथे घडतो. हिशोबच करायचा तर, टांगलेले दांडे उभ्या रेषेपासून १५ अंश कलले की वजनाच्या साधारण पाव भाग आणि ३० अंश कलले की बरोबर निम्मा भाग पायांना रेटावा लागतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला १५ ते ३० किलो, तेही दोन पायांत विभागून. खुर्चीतून हात न टेकता उठताना याहून कितीतरी अधिक, जवळजवळ सगळेच वजन पायांवर येते. या साध्या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, ज्यांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो त्यांच्यासाठी लेग प्रेस ही शिडीची खालची पायरी आहे. दुसरी अशी की, तुमच्यासारख्या ५२ वर्षांच्या धडधाकट माणसाला दोन्ही पायांनी केलेला लेग प्रेस लवकरच हलका वाटू लागेल. तेव्हा तो एकेका पायाने करावा, म्हणजे त्या पायावरचा भार आपोआप दुप्पट होतो.

आमच्या सकाळच्या गटात एक वहिनी आहेत, वय ६८. पूजेला खाली बसल्या की उठताना त्यांना कोणीतरी हात द्यावा लागे. त्यांनी लेग प्रेस दहा-दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन तीनदा, असा एक दिवसाआड सुरू केला. आसन मागे नेताना दोन अंक मोजायचे आणि परत येताना चार, एवढे एकच पथ्य मी त्यांना सांगितले होते, कारण परत येताना आसन सोडून दिले तर निम्मा व्यायाम वाया जातो आणि गुडघ्यांना हिसका बसतो. शिवाय गुडघे पूर्ण ताठ करून अडकवायचे नाहीत. काही आठवड्यांनी त्या उद्यानातल्या उंच बाकावरून हात न टेकता उठू लागल्या, मग कमी उंचीच्या बाकावरून. अजूनही जमिनीवरून उठताना त्या एक हात पाटावर टेकवतात. पण कोणाला हाक मारत नाहीत.

हातांच्या यंत्रांत चेस्ट प्रेस आणि पुल चेअर ही जोडी बहुतेक ठिकाणी असते. चेस्ट प्रेसमध्ये दांडे पुढे ढकलायचे, पुल चेअरमध्ये डोक्यावरचे दांडे खाली ओढायचे. दोन्हींत बसलेले आसन वर उचलले जाते. छाती आणि दंड चेस्ट प्रेसने, पाठ आणि हाताचा पुढचा स्नायू पुल चेअरने. दिवसभर संगणकासमोर किंवा शिलाई यंत्रावर वाकून बसणाऱ्याने ढकलण्यापेक्षा ओढण्याचा व्यायाम थोडा जास्त करावा, असे माझे मत आहे. रोइंगचे यंत्र असल्यास तेही ओढण्याचेच आहे, फक्त पाठ गोल न करता ओढावे.

सिंगल बार आणि डबल बार यांच्याकडे लोक वळत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यात हलणारा एकही भाग नाही, म्हणून त्यांत बिघडण्यासारखे फार काही नाही, आणि उद्यानातील सर्वांत अवघड व सर्वांत सोपे असे दोन्ही व्यायाम याच दोन साधनांवर होतात. बर्लिनजवळच्या हाझेनहाइडे येथे फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये खुले व्यायाम मैदान सुरू केले, तिथून अशा बारवरच्या व्यायामांचा प्रसार झाला, आणि आपल्या शाळांच्या मैदानांवरही मल्लखांबाच्या शेजारी हे बार पिढ्यानपिढ्या उभे आहेत. तुम्ही सिंगल बारवर पहिल्या दिवशी अंग वर खेचण्याच्या फंदात पडू नका. दहा सेकंद नुसते लटकावे. ते वीस-तीस सेकंदांपर्यंत जमले की हात सरळ ठेवून फक्त खांदे कानांपासून खाली खेचावेत आणि सोडावेत. त्यानंतर खाली भक्कम ठोकळा ठेवून, हनुवटी बारच्या वर येईल असे उभे राहावे आणि तिथून पाच अंक मोजत सावकाश खाली उतरावे. वर चढण्याची ताकद नसली तरी सावकाश उतरण्याची ताकद बहुतेकांत असते, आणि त्या उतरण्यातूनच चढण्याची ताकद येते. शाळेत असंख्य मुलांना मी याच वाटेने नेले आहे. कमरेएवढ्या उंचीचा बार असेल तर त्याखाली अंग तिरके ठेवून छाती बारकडे ओढणे याहून सोपे पडते. डबल बार आईंनाही उपयोगी आहे: दोन्ही बाजूंना हाताशी आधार असताना अर्ध्या बैठका काढायच्या आणि एका पायावर दहा सेकंद उभे राहायचे. तोल सांभाळण्याचा इतका सुरक्षित सराव दुसऱ्या कोणत्याही साधनावर होत नाही.

शोल्डर व्हील, म्हणजे हाताने फिरवायचे मोठे चाक, ताकदीसाठी नाही; ते खांद्याची हालचाल टिकवण्यासाठी आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचा त्रास अधिक आढळतो, आणि दुखणे ओसरू लागल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने असे चाक सावकाश फिरवणे उपयोगी पडते. चाकासमोर बाजूने उभे राहून दुखेल त्याच्या किंचित अलीकडेपर्यंतच फेरा घ्यावा.

ट्विस्टरबद्दल मी थोडा कठोर आहे. गोल तबकडीवर उभे राहून कंबर डावी-उजवीकडे फिरवली की पोट कमी होते, असा समज सगळीकडे आहे. ज्या भागाचा व्यायाम त्याच भागाची चरबी घटते असे शरीरात होत नाही. शिवाय कंबरेच्या मणक्यांना पिळण्याची मुभा मुळातच फार थोडी असते. वळण मुख्यतः छातीच्या मागचे मणके आणि खुबे यांतून यावे लागते. वेगाने झटके देत फिरणाऱ्याची कंबर हा झटका सोसते. दांडा घट्ट धरून, हळू आणि थोडेच वळावे. आणि मणक्याची चकती सरकलेली असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर या यंत्राकडे जाऊच नये. हाडे ठिसूळ असलेल्यांनी सिट-अप बोर्डवर पुढे वाकून उठणेही टाळावे. आईंच्या हाडांची तपासणी झालेली नसेल, तर ही दोन यंत्रे त्यांच्यासाठी तूर्त बाजूला ठेवा.

अशी साधने रस्त्याकडेला आणि बागांत आली कशी, हेही सांगण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९६८ मध्ये झुरिक येथे जंगलातील पायवाटेवर टप्प्याटप्प्याने व्यायामाचे थांबे असलेला विटा पार्कूर सुरू झाला. तिथली साधने म्हणजे लाकडी ओंडके आणि बार. चीनमध्ये १९९५ च्या राष्ट्रीय तंदुरुस्ती कार्यक्रमानंतर वस्त्यावस्त्यांत हलत्या भागांची रंगीत यंत्रे मोठ्या संख्येने बसवली गेली, आणि आपल्या उद्यानांतली यंत्रे रूपाने त्यांच्याशीच जवळची आहेत. ती मुख्यतः प्रौढ व ज्येष्ठ नागरिक डोळ्यांपुढे ठेवून घडलेली असल्यामुळे हलका भार आणि गोल, सौम्य हालचाली हा त्यांचा स्वभावच आहे.

किती करावे याला जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी आहेत: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, ६५ वर्षांपुढे याच्या जोडीला तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. म्हणून तुम्ही भरभर चालणे रोज ठेवा आणि एक दिवसाआड लेग प्रेस, चेस्ट प्रेस, पुल चेअर आणि सिंगल बार एवढेच करा. शेवटच्या दोन आवृत्त्या कष्टाने व्हाव्यात, पण श्वास रोखावा लागू नये.

यंत्रावर बसण्याआधी ते हाताने हलवून पाहायची सवय लावून घ्या. खांब पायाच्या काँक्रीटमध्ये डुगडुगतो का, बोल्ट निसटला आहे का, पाइपच्या तोंडावरचे प्लॅस्टिकचे टोपण गळून धारदार कड उघडी पडली आहे का, बेअरिंगमधून खरखर येते का, हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेमुळे गंज आधी वेल्डिंगच्या सांध्यांत आणि खांबाच्या बुडाशी धरतो, वरचा रंग शाबूत असतानाही. आमच्या उद्यानात एअर वॉकरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा झिजून गेला होता आणि लोखंडावर लोखंड आपटत होते. तोंडी सांगून काही झाले नाही. शेवटी आम्ही पाच-सहा जणांनी फोटो, तारीख आणि यंत्राचे नाव लिहून अर्ज दिला, त्याची पोच घेतली, तरी दुरुस्तीला दोन महिने लागले. तोवर आम्हीच त्या यंत्राला दोरी बांधून ठेवली होती, कारण संध्याकाळी तिथे लहान मुले चढत. युरोपात या साधनांसाठी २०१५ पासून जो मानक लागू आहे, त्यात ही साधने १४ वर्षांवरील किंवा १४० सेंटिमीटरपेक्षा उंच व्यक्तींसाठीच धरली आहेत. हलत्या दांड्यांच्या फटीत चिमुकली बोटे जातात, आणि एअर वॉकरची झुलती पट्टी नेमकी लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येते. नातवंडे सोबत येणार असतील तर त्यांना घसरगुंडीकडेच न्या.

आईंना पहिल्या दिवशी न्याल तेव्हा एक गोष्ट विसरू नका. लेग प्रेसचे आसन टांगलेले असल्यामुळे बसायला गेले की ते मागे सरकते, आणि ज्येष्ठ माणसे नेमकी तिथेच घाबरतात किंवा पडतात. तुम्ही मागे उभे राहून दोन्ही हातांनी आसन घट्ट धरा, त्यांना आधी बाजूची मूठ पकडू द्या, मग बसू द्या, दोन्ही पाय नीट टेकल्यावरच आसन सोडा. उतरतानाही तसेच धरा. पहिल्या दिवशी फक्त आठ वेळा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे कसे आहेत हे विचारून मग पुढचे ठरवा.