सोलापुरात वापरायला पेट्रोल की सीएनजी गाडी? ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर विसंबावं का?

विसंबा, पण आकडे तुमचे टाका. बरेच कॅल्क्युलेटर कंपनीनं सांगितलेलं मायलेज धरतात. ते चाचणीतलं. मे महिन्यात एसी लावून सात रस्त्याच्या गर्दीत फिरलात की ते कुठल्या कुठे जातं.

धरा, पेट्रोल १०५ रुपये, मायलेज १५. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. सीएनजी ९० रुपये किलो, मायलेज २२.५, म्हणजे ४ रुपये. सीएनजी गाडी ९० हजारांनी महाग. महिन्याला ५०० किलोमीटरच फिरणार असाल तर फरक वसूल व्हायला ५ वर्षं! त्याशिवाय दर महिन्याला पुण्याच्या दोन खेपा असतील (एक खेप जाऊन-येऊन साधारण ५०० किलोमीटर), तर २० महिन्यांत वसूल. डिकीतली जागा सिलिंडर खातो, हे मात्र कॅल्क्युलेटरवर दिसत नाही. विमा, टायर, सर्व्हिसिंगचे रकानेही भराच.