गायकवृंद आणि चेंबर ऑर्केस्ट्रा यांच्यासमोर उभा असलेला कंडक्टर नेमके काय करतो?

आपण विचारले आहे की, गावातले भजनी मंडळ समोर कोणी हात न हलवताही ताला-सुरात गाते. मग पंचवीस-तीस वादकांचा चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे लहान वाद्यवृंद, आणि तेवढाच गायकवृंद यांच्यापुढे उभ्या असलेल्या कंडक्टरचे कलात्मक काम कोणते, आणि तसे काही आपल्या भागातल्या शाळेत किंवा मंडळात बसवता येईल का. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका गावी शाळेत संगीत शिकवतो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटीवर बसतो आणि नागपूरला शिकत असताना काही वर्षे एका चर्चच्या गायकवृंदात बासच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पुरुषी आवाजाच्या, ओळीत गायलो आहे. या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून उत्तर देतो.

आपले निरीक्षण योग्य आहे आणि ते केवळ भजनापुरते खरे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः खंजिरी वाजवत भजन म्हणत. लय त्यांच्या हातात असे आणि साथ करणारे तिच्यामागे जात. युरोपातही अठराव्या शतकात लहान वाद्यवृंदाचे नेतृत्व पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्प्सिकॉर्डवर (पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर) बसलेला माणूस वाजवता वाजवताच करीत असे. न्यूयॉर्कचा ऑर्फिअस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ मध्ये स्थापन झाला आणि तो कंडक्टरशिवायच वाजवतो. तेव्हा ठेका दाखवणे हे कंडक्टरचे मुख्य काम नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. चांगल्या वादकांना केवळ ठेक्यासाठी कंडक्टर लागत नाही.

फरक पडतो तो संगीताच्या रचनेमुळे. आपल्या भजनात सर्वांची चाल एकच असते. म्होरक्या ओळ म्हणतो, मागचे ती झेलतात. पाश्चात्त्य समूहगायनात सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचे वरचे व खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे वरचे व खालचे आवाज) अशा चार ओळी एकाच वेळी, पुष्कळदा वेगवेगळ्या शब्दांवर चाललेल्या असतात आणि त्यांच्याखाली तंतुवाद्यांच्या आणखी चार-पाच ओळी असतात. बासमध्ये उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो, सोप्रानोचा मात्र जेमतेम. सगळे मिळून काय ऐकू येते आहे हे ज्या जागेवरून कळते, त्या जागेवर एकच माणूस उभा असतो. त्याची कला मुख्यतः कानाची आहे; हात हे त्या कानाने घेतलेले निर्णय पोहोचवण्याचे साधन आहे.

त्यातही गायकांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय श्वासाचा असतो. स्वर लागण्याच्या आधीच्या मात्रेला कंडक्टर हात वर उचलतो. त्या एका हालचालीत पुढची लय किती, आवाज लहान की मोठा, स्वर अलगद ठेवायचा की ठामपणे, हे सर्व आलेले असते; आणि त्याच क्षणी सर्व गायक श्वास घेतात. कंडक्टरने स्वतः आखडून, खांदे उचलून श्वास घेतला, तर समोरचा वृंदही तसाच श्वास घेतो आणि स्वर घशातून येतो. गायकवृंदात उभा असताना मी हे स्वतःच्या शरीरात अनुभवले आहे. पुढे लांबलचक ओळ आली की सर्वांनी एकदम श्वास घेऊन ती तुटू नये, यासाठी कोणी कुठे श्वास घ्यायचा हे तालमीतच वाटून दिलेले असते, त्यामुळे श्रोत्याला ती ओळ अखंड वाटते.

श्वासानंतर शब्द. ‘स’सारख्या व्यंजनाने संपणारा शब्द तीस जणांनी थोडा मागेपुढे संपवला, तर सभागृहात नुसता सीत्कार ऐकू येतो. म्हणून ते व्यंजन नेमके कोणत्या मात्रेवर पडायचे हे ठरवावे लागते, आणि कधीकधी ते दोघा-तिघांनीच उच्चारायचे, बाकीच्यांनी स्वर सोडून द्यायचा, असेही सांगितले जाते. अमेरिकन कंडक्टर रॉबर्ट शॉ तालमीत शब्द काढून टाकून गायकांना त्याच सुरांवर इंग्रजी आकडे म्हणायला लावत. आपल्याकडे ठेका वाजवण्याआधी त्याचे बोल हातावर टाळी देऊन म्हणून घेतात, त्यामागचा हेतूही हाच: लय आधी तोंडात पक्की बसली पाहिजे.

अर्थाचा निर्णय कसा घ्यावा लागतो याचे उदाहरण म्हणून अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याचा ‘मसाया’ घ्या; गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची ती ख्रिस्ती धार्मिक रचना आहे. ही रचना त्याने १७४१ मध्ये केली आणि १३ एप्रिल १७४२ रोजी ती डब्लिनमध्ये प्रथम सादर झाली. तिच्यातल्या ‘फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न’ (‘कारण आपल्यासाठी एक बालक जन्मले आहे’) या प्रसिद्ध कोरसची सुरावट हँडेलने १७४१ मध्येच लिहिलेल्या स्वतःच्याच एका इटालियन युगलगीतातून घेतली आहे. त्या युगलगीताचा पहिला शब्द ‘नो’, म्हणजे ठाम नकार, असल्यामुळे त्यावर वजन शोभते. इंग्रजी ओळीत त्याच जागी ‘फॉर’, म्हणजे ‘कारण’ हा केवळ जोडशब्द आला. गायकांनी लिहिल्याबरहुकूम तेथे जोर दिला, तर वाक्य वेडेवाकडे होते. म्हणून विचारी कंडक्टर त्या शब्दावरून हलकेच पुढे नेतो आणि वजन ‘बालक’ या अर्थाच्या शब्दापर्यंत राखून ठेवतो. कागदावर यातले काहीच लिहिलेले नसते. मला विचाराल तर कंडक्टरच्या कलेचा गाभा अशा जागांमध्येच आहे आणि त्या जागा शोधण्यात त्याचे आठवडेच्या आठवडे जातात.

चेंबर ऑर्केस्ट्राचा संबंध इथे येतो. साधारणतः चाळीसच्या आत वादक, त्यांतले बहुतेक तंतुवाद्यांचे आणि थोडे फुंकवाद्यांचे, अशी त्याची रचना असते. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात ऐंशी ते शंभर वादक असतात. १७५४ मध्ये लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये झालेल्या ‘मसाया’च्या प्रयोगात सुमारे ३८ वादक आणि सुमारे १९ गायक होते. १७८४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या हँडेल-स्मरणोत्सवात ही संख्या पाचशेच्या वर गेली आणि एकोणिसाव्या शतकात तीच रचना हजारोंच्या समूहाने गाण्याची प्रथा पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान वृंदांकडे पुन्हा लक्ष वळले. नेव्हिल मॅरिनर यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेला ‘ॲकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स’ आणि जॉन एलियट गार्डिनर यांचा १९६४ चा ‘माँटेव्हेर्दी कॉयर’ ही त्याची ठळक उदाहरणे. मला स्वतःला लहान वृंदच अधिक आवडतो, कारण त्यात शब्द ऐकू येतात आणि प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येते. अर्थात, तिथे एकाचीही चूक झाकली जात नाही.

गायकवृंद घडवणाऱ्या कंडक्टरला ऑर्केस्ट्रासमोर उभे राहताना एक वेगळी अडचण येते. गायक त्याच्याबरोबर अनेक आठवडे असतात. ते त्याच्या ओठांवरून आणि डोळ्यांवरून स्वर घडवतात आणि त्याचे हात वाहत्या, गोलाकार हालचाली करीत असतात. वादक बहुधा शेवटच्या एक-दोन तालमींनाच येतात आणि त्यांना मात्रा नेमक्या कोणत्या बिंदूवर पडली हे स्पष्ट दिसावे लागते. म्हणून चांगला कंडक्टर वादकांच्या कागदांवर गज खाली ओढायचा की वर, याच्या खुणा प्रमुख व्हायोलिनवादकाशी बोलून आधीच करून ठेवतो, जेणेकरून गायक जिथे श्वास घेतील तिथे गजही उचलला जाईल. श्वास आणि गज एकत्र उचलले गेले की दोन्ही समूह एका शरीरासारखे वागू लागतात.

आता आपला दुसरा प्रश्न. भारतात ही परंपरा नवी नाही. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये सुरू केलेला गायकवृंद पुढे कूमी वाडिया यांनी अनेक दशके सांभाळला, आणि ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ २००६ पासून तिथेच एनसीपीए या कलाकेंद्रात आहे. खेड्यात व्हायोलिने मिळणार नाहीत, परंतु गायकवृंदाला त्यांची गरज नाही. ज्या गावात सामुदायिक प्रार्थना नियमाने होते, तिथल्या मुलांना एकत्र सुरू करणे, एकत्र थांबणे आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकत गाणे या तीन गोष्टी आधीच येतात. शहरातल्या शाळांत त्याच शिकवण्यात बराच काळ जातो.

सुरुवात दोन ओळींपासून करावी: अर्धी मुले केवळ षड्ज धरून ठेवतील, बाकीची चाल म्हणतील. ते जमले की तीच चाल दुसऱ्या गटाने चार मात्रा उशिरा सुरू करावी. चाल अशी निवडावी की ती स्वतःवरच रचली गेली तरी स्वर एकमेकांशी भांडणार नाहीत. भूपसारख्या पाच स्वरांच्या रागातल्या चालीत हे बऱ्याचदा सहज साधते. मुले गाताना हळूहळू उतरत असतील, तर त्यांना ‘वर चढवा’ असे ओरडून सांगू नये. उघड्या तोंडाने ‘आ’ म्हणवून घ्यावा, खिडक्या उघडाव्यात आणि श्वासाच्या जागा नव्याने ठरवाव्यात, कारण आवाज उतरण्याचे कारण बहुधा त्यातच असते.

पेटी मात्र सतत वाजवत ठेवू नये. तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, साधारण अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका. पेटीच्या आधाराने गाणारी मुले तो चढा गंधारच पकडतात. मग दोन ओळी एकत्र आल्या तरी त्यांच्यातून जी गुंजन उठायला हवी ती उठत नाही. पेटीने सुरुवातीला षड्ज द्यावा, बंद करावी आणि गाणे संपल्यावर वृंद कुठे पोहोचला हे पाहण्यापुरती ती पुन्हा उघडावी.