रक्त तपासून मेंदूतील सेरोटोनिन कळते का?

आपला प्रश्न असा आहे की, मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्याला नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्राम सुरू केले आणि मेंदूत सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये संदेश वाहणारे द्रव्य कमी पडल्यामुळे हा त्रास होतो असे समजावून सांगितले. तेव्हा ही पातळी रक्ततपासणीत दिसेल का, आणि केळी, अक्रोड असे पदार्थ खाऊन ती वाढवता येईल का? मी बरीच वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे मी खात्रीने देऊ शकतो. मात्र ते का, हे समजून घेतल्यास आपण घेत असलेल्या औषधाकडेही अधिक स्पष्टपणे पाहता येईल.

शरीरातील 90 टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. आतड्याच्या अस्तरात एन्टेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. अन्न पुढे सरकताना अस्तरावर दाब आला की त्या सेरोटोनिन सोडतात, त्याने आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतू चेतवले जातात आणि अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा सुरू होतात. कर्करोगावरील सिस्प्लाटिनसारख्या औषधाने याच पेशी दुखावल्या की त्यांतून एकदम पुष्कळ सेरोटोनिन बाहेर पडते, व्हेगस मज्जातंतूमार्फत तो संदेश मेंदूत पोहोचतो आणि रुग्णाला उलट्या सुरू होतात. ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरील नेहमीचे औषध नेमका हाच मार्ग अडवते. आतड्यातून रक्तात उतरलेले सेरोटोनिन प्लेटलेट्स शोषून घेतात. त्यांना ते स्वतः तयार करता येत नाही, पण साठवता येते, आणि जखम झाली की ते सोडून त्या रक्तवाहिनी आकसण्यास व रक्त गोठण्यास हातभार लावतात.

रक्ततपासणीत जे मोजले जाते ते प्रामुख्याने प्लेटलेट्समधील हे सेरोटोनिन होय. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडथळा ओलांडून सेरोटोनिन आत जाऊ शकत नाही, त्यामुळे रक्तातील आकड्यावरून मेंदूविषयी काहीही ठरवता येत नाही. या तपासणीचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. आतड्यात किंवा अन्यत्र कार्सिनॉइड जातीची गाठ असेल, तर ती भरमसाट सेरोटोनिन तयार करते. चेहरा वारंवार लाल होणे आणि जुलाब ही त्याची लक्षणे असतात. अशा संशयात बहुधा 24 तासांची लघवी गोळा करून सेरोटोनिन मोडल्यावर उरणारे द्रव्य मोजतात, आणि त्याआधी काही दिवस रुग्णाला केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड वर्ज्य करायला सांगतात, कारण या पदार्थांतच सेरोटोनिन असते आणि त्याने आकडा फुगतो. केळ्यातील सेरोटोनिन लघवीच्या तपासणीत दिसते, मेंदूत मात्र पोहोचत नाही.

आहारातून मेंदूत जाऊ शकते ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, ज्यापासून सेरोटोनिन बनते. पण अडथळा ओलांडण्यासाठी त्याला इतर अनेक अमिनो आम्लांबरोबर एकाच वाहकासाठी स्पर्धा करावी लागते, आणि प्रथिनयुक्त जेवणात हे स्पर्धकच अधिक असतात. शिवाय ट्रिप्टोफॅनवर पहिली प्रक्रिया करणारे एन्झाइम आतड्यात एक आणि मेंदूत दुसरे असते, हे 2003 मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे दोन्हीकडची निर्मितीच स्वतंत्र आहे. केळी, अक्रोड जरूर खावेत, पण नैराश्यावरील उपचार म्हणून नव्हे.

या द्रव्याचा शोधही आधी आतडे, मग रक्त आणि शेवटी मेंदू अशा क्रमाने लागला. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना ते 1930 च्या दशकात आतड्याच्या अस्तरात आढळले. 1948 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तवाहिन्या आकसवणारे द्रव्य शोधताना ते रक्तातून वेगळे केले. आणि 1953 मध्ये बेट्टी ट्वारॉग यांनी पेज यांच्यासह ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत असल्याचे दाखवले.

मेंदूत सेरोटोनिन तयार करणाऱ्या चेतापेशी अगदी थोड्या, काही लाखच आहेत. त्या मस्तिष्कस्तंभातील राफे केंद्रके नावाच्या पेशीसमूहांत असतात, पण त्यांचे तंतू मेंदूच्या बाह्यकापासून मज्जारज्जूपर्यंत सर्वत्र पसरलेले असल्याने झोप, भूक, वेदना, शरीराचे तापमान आणि मनःस्थिती या साऱ्यांवर त्यांचा परिणाम होतो. परिणाम कोणता होणार हे समोरच्या पेशीवरील रिसेप्टरवर, म्हणजे सेरोटोनिन जिथे जोडले जाते त्या रेणूवर, अवलंबून असते. असे किमान चौदा प्रकार ज्ञात आहेत. काहींमुळे पेशी चेतते, काहींमुळे शांत होते. अर्धशिशीवरील सुमाट्रिप्टान यांतील मोजक्याच प्रकारांवर काम करते. फेनफ्लुरामाइन हे वजन कमी करण्याचे औषध हृदयाच्या झडपांवरील एका प्रकाराला चेतवत असे आणि झडपा जाड होऊ लागल्याने 1997 मध्ये ते अमेरिकेत मागे घ्यावे लागले. म्हणून 'अधिक सेरोटोनिन म्हणजे अधिक आनंद' हे समीकरण मला केवळ अपुरे नव्हे, तर दिशाभूल करणारे वाटते.

मग नैराश्याशी त्याचा संबंध जोडला गेला तो औषधांमुळे. 1950 च्या दशकाच्या आरंभी क्षयरोगासाठी दिलेल्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती उंचावलेली दिसली. हे औषध सेरोटोनिन आणि तत्सम द्रव्ये मोडणारे एन्झाइम रोखते, हे ठाऊक असल्याने त्यांचीच कमतरता नैराश्याचे कारण असावी असा तर्क पुढे मांडला गेला. परंतु औषध लागू पडले एवढ्यावरून आजाराचे कारण सिद्ध होत नाही. एस्सिटॅलोप्राम सेरोटोनिन पेशीत परत ओढले जाणे काही तासांतच रोखते, तरी आराम पडायला काही आठवडे लागतात. त्या काळात रिसेप्टर आणि चेतापेशींमधील जोडण्या हळूहळू बदलत असाव्यात. नैराश्यात सेरोटोनिन कमी असते याला सातत्याने पुरावा मिळत नाही, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात म्हटले आहे. त्याचबरोबर 2018 मध्ये 21 औषधांच्या पाचशेहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या असता, ती सर्व प्रौढांतील नैराश्यात निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली, जरी फरक सरासरीने माफकच होता. कारणाविषयीचे स्पष्टीकरण डळमळीत झाले म्हणून आपले औषध निरुपयोगी ठरत नाही. कृपया ते स्वतःहून बंद करू नये. एकाएकी थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होतात.

सुरुवातीला मळमळ किंवा पातळ शौच झाल्यास ती याच औषधाची आतड्यावरील क्रिया आहे आणि बहुधा ती काही दिवसांत ओसरते. पहिल्या आठवड्यांत बेचैनी फार वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना सांगावे. हे औषध प्लेटलेट्समध्ये सेरोटोनिन शिरणेही रोखते, म्हणून सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात हल्ली दिले जाणारे लिनेझोलिड यांच्याशी एकत्र आल्यास थरथर, घाम, ताप, स्नायूंचे झटके आणि गोंधळलेपणा अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते, आणि तेव्हा त्वरित रुग्णालय गाठावे लागते. रक्ततपासणीवर खर्च करण्याऐवजी आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी.