बोडीतील गोगलगायी : औषध टाकण्याआधी झाकण पाहा

भंडारा जिल्ह्यातील एका धान उत्पादक शेतकऱ्याने विचारले आहे की, बोडीत, म्हणजे धानशेतीच्या लहान तळ्यात, गोगलगायी फार वाढल्या असून 2022 मध्ये लातूर, बीडकडे सोयाबीनचे झाले तसे धानाचे होईल का, पाण्यात मोरचूद टाकावे का आणि या गोगलगायी बदकांना चालतील का.

मराठवाड्यात सोयाबीन खाणारी गोगलगाय जमिनीवरची होती; बोडीतील प्रकार वेगळे आहेत. मोरचूद टाकू नये, कारण त्याने मासेही मरतात आणि मेलेल्या गोगलगायी कुजून पाण्यातील प्राणवायू घटतो.

प्रथम चार-पाच गोगलगायी काढून शंखाचे तोंड पाहावे. तोंडावर झाकण, शंख टोकदार आणि अंगावर गडद पट्टे असल्यास ती बहुधा बेलामिया असते. शेवाळ व तळाचा कुजका पाला हे तिचे खाद्य असून तिची मादी बाहेर अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. शंख मोठा व गोलसर असल्यास ती पायला होय. तिला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असल्यामुळे बोडी आटली तरी ती झाकण लावून चिखलात पुढच्या पावसापर्यंत तग धरते. पाणवनस्पती हे तिचे खाद्य असल्याने कोवळ्या रोपांच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, ती दिसल्यास हाताने वेचून काढावी.

माझी खरी काळजी झाकण नसलेल्या गोगलगायींची आहे. पातळ शंखाची लिम्निया यकृतातील चपट्या कृमींचा, तर चकलीसारख्या चपट्या शंखाची इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या नाकातील, म्हणजे घोरण्याच्या आजाराच्या कृमींचा प्रसार करते. म्हणून गुरांना बोडीत उतरवू नये, पाणी टाक्यातून पाजावे, काठावरचे ओले गवत चारू नये आणि जबड्याखाली सूज दिसताच पशुवैद्यकांना दाखवावे.

बदके सोडण्यास हरकत नाही. मात्र रोवणीनंतर रोपांनी मुळे धरल्यावरच त्यांना बांधीत जाऊ द्यावे.

बंगालमध्ये 'गुगली' आणि मणिपूरमध्ये 'थारोई' म्हणून पाण्यातील गोगलगायी आवडीने खातात. आपल्याकडे कोणी खात असल्यास त्या स्वच्छ पाण्यात ठेवून, भरपूर उकळून आणि आतडे काढूनच खाव्यात. अर्धकच्च्या गोगलगायीतून कृमी माणसाच्या शरीरात जाऊ शकतात. ज्या बोडीत फवारणीचे पाणी उतरते, तेथील गोगलगायी मुळीच खाऊ नयेत.

पायलाची पांढरी अंडी काठच्या ओल्या मातीत असतात. पाण्याच्या वर देठांवर गुलाबी अंड्यांचे झुपके दिसल्यास मात्र ती दक्षिण अमेरिकेतून आशियात आलेली, धान फस्त करणारी पोमेशिया असू शकते; तेव्हा छायाचित्र घेऊन त्याच दिवशी तालुका कृषी कार्यालयास कळवावे.