लेबल छापण्याआधी नाव तपासा

प्रश्न : आम्ही चार जणी मिळून लोणची, मसाले आणि कोकम सरबत विकणार आहोत. नाव 'माटोळी' ठरवले आहे. अन्न परवाना आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) त्याच नावाने मिळाली. आता कळते, की जवळपास याच नावाने एकजण आधीपासून मसाले विकतो. आमचे स्पेलिंग वेगळे आहे. लेबले छापावीत का? (फोंडा)

उत्तर : अजून छापू नका. परवाना आणि उद्यम नोंदणी यांतून नावावर ट्रेडमार्कचा, म्हणजे मालाची ओळख म्हणून ते नाव वापरण्याचा, हक्क मिळत नाही. हा गैरसमज फार महागात पडतो, कारण नोटीस येते तेव्हा लेबले छापून बाटल्या भरून झालेल्या असतात.

स्पेलिंग बदलून सुटका होत नाही. दोन लेबले शेजारी ठेवून फरक मोजला जात नाही. पहिले नाव अर्धवट आठवणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाची फसगत होईल का, हे पाहिले जाते. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांत असेच साम्य मानले. तुमच्यात तर एखाद्या अक्षराचाच फरक आहे. 'त्याचे मसाले, आमची लोणची' हा बचावही लंगडा, कारण दोन्ही एकाच दुकानात, एकाच फळीवर विकले जातात.

ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. वर्ग 29 (लोणची), 30 (मसाले) आणि 32 (सरबत) वेगवेगळे तपासा. आधी 'वर्डमार्क'मध्ये 'कंटेन्स' (नावात तो शब्द असलेले) निवडा, मग 'फोनेटिक' (उच्चाराने सारखे). रोमन लिपीत एक टी, दोन टी, टीएच, शेवटी आय, शेवटी वाय अशी सगळी रूपे टाकून पाहा. 'रजिस्टर्ड'इतकेच 'ऑब्जेक्टेड' (कार्यालयाची हरकत असलेले) आणि 'अपोज्ड' (दुसऱ्याने विरोध केलेले) अर्जही महत्त्वाचे. 'अबॅन्डन्ड' (सोडून दिलेला अर्ज) दिसले म्हणून नाव मोकळे झाले असे समजू नका. अर्ज सोडून दिलेला माणूस माल विकत असू शकतो, आणि नोंदणी नसतानाही, नावाची ओळख तयार झाली असेल तर, तो पासिंग ऑफचा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याने माल खपवल्याचा, दावा लावू शकतो. म्हणून म्हापशाचा बाजार आणि इन्स्टाग्रामही धुंडाळा.

तो मसालेवाला खरोखर आधीपासून विकत असेल, तर आमचे स्पष्ट मत : नाव बदला. आज बदलायला खर्च जवळजवळ नाही. मात्र 'गोवन कोकम'सारखे नाव घेऊ नका. ते फक्त माल आणि गाव सांगते, त्यामुळे ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली हरकत येते.

नवे नाव मोकळे निघाले, की टीएम-ए (ट्रेडमार्क नोंदणीचा) अर्ज ऑनलाइन करा. उद्यम नोंदणी असल्याने शुल्क प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये, तिन्हींचे 13,500. गोवा ट्रेडमार्कच्या मुंबई कार्यालयाखाली येतो. कार्यालयाच्या परीक्षण अहवालात हरकत आली तर 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. इथेच बरेच अर्ज बुडतात, म्हणून ईमेल रोज पाहा. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर इतरांना विरोधासाठी चार महिने असतात. नोंदणी 10 वर्षे टिकते. ती होईपर्यंत फक्त 'टीएम' लिहा. वर्तुळातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) आधीच लावणे कायद्याला धरून नाही. पहिल्या दिवसापासूनची तारखेची बिले आणि लेबलचे नमुने जपा. पुढे वाद झाला, तर नाव कोणी आधी वापरले हे त्यांवरूनच ठरते.

प्रश्न : आमच्या मिरची पुडीचा ब्रँड 'खोला मिरची' ठेवता येईल का? (काणकोण)

उत्तर : ब्रँड म्हणून नाही. खोला मिरचीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारे संरक्षण) मिळाले; ते नाव एकट्याच्या मालकीचे होत नाही. मिरची ठरलेल्या भागातली असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अर्ज करा आणि ते नाव मालाचे नाव म्हणून लावा. ब्रँड वेगळा हवा. बाहेरची मिरची मिसळलेल्या पुडीवर ते नाव लावू नका. त्यात खोला गावात मिरची पिकवणाऱ्यांचे नुकसान आहे.

प्रश्न : नामांकित कंपन्यांचे लोगो छापलेले टी-शर्ट आम्ही घाऊक आणून पर्यटकांना विकतो. जबाबदारी छापणाऱ्याचीच ना? (कळंगुट)

उत्तर : विकणाऱ्याचीही. खोटा ट्रेडमार्क असलेला माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. मुख्य बचाव असा : पुरेशी खबरदारी घेतली, शंका येण्याचे कारण नव्हते, आणि माल कुठून घेतला याची सगळी माहिती मागितल्याबरोबर दिली. बिलाविना घेतलेल्या, मूळ किमतीच्या पाव भावाच्या मालाबाबत 'शंका आली नाही' हे कोणी मानणार नाही. तो साठा विकू नका, आणि पुढचा माल पुरवठादाराचे नाव-पत्ता असलेल्या पक्क्या बिलावरच घ्या.