न्यूयॉर्कचा वायदा वाढतो, मग येवल्यात कापूस का वाढत नाही? ठेवावा की विकून टाकावा?

आमचे मेहुणे रोज सकाळी न्यूयॉर्कचा आकडा ग्रुपवर टाकतात आणि मग दिवसभर व्यापाऱ्याला शिव्या घालतात. तुमच्या प्रश्नातही तोच सूर दिसला, म्हणून लिहितोय.

वायदा म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचा आज ठरणारा भाव. तो वायदा रुईचा आहे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा. तुम्ही विकता तो सरकीसकट कापूस. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, उरते ती घट. वायदा बोलतात सेंट प्रति पौंडात. त्याला २.२०४६ ने गुणा, डॉलरच्या भावाने गुणा, १०० ने भागा, की रुईचा किलोचा भाव मिळतो. ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये धरला तर १३१ रुपये, म्हणजे ३५५.६२ किलोची खंडी ४६,६५० च्या आसपास. तुमच्या क्विंटलमधली रुई झाली ४,४६० ची. सरकी ३५ रुपये किलो धरली तर तिचे २,२४०. बेरीज ६,७००, आणि जिनिंग, प्रेसिंग, भाडं, दलाली यातूनच जाणार.

आता वायदा ५ सेंटनी चढला, तर क्विंटलला ३१९ रुपये वाढले. त्याच आठवड्यात सरकी ५ रुपयांनी उतरली, तर ३२० गेले. सरकी चालते पेंडीवर आणि तेलावर. न्यूयॉर्कला तिचं सोयरसुतक नाही. मेहुणे सरकीचा भाव कधी टाकत नाहीत!

शिवाय सूतगिरणीला परदेशातली रुई आणता येते, ती तुमच्या कापसावर अडून राहत नाही. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत ११ टक्के आयात शुल्क माफ होतं, म्हणजे ऐन हंगामात.

ठेवायचं म्हणाल तर वजनाचा हिशोब आधी करा. १२ टक्के ओलाव्याचा क्विंटल ८ टक्क्यांवर आला की ९५.६५ किलो भरतो. क्विंटलला ७,५०० भाव धरला तर हे ३२६ रुपये झाले. म्हणजे वायद्यातली ५ सेंटची वाढ घरातच सुकली. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, हमीभाव ८ टक्के ओलाव्यावर धरते, पुढे टक्क्याला टक्का कापते आणि १२ च्या वर माल घेतच नाही. म्हणून वाळवायचा तो माल परत येऊ नये, ढिगात तापून पिवळा पडू नये यासाठी. जादा पैशासाठी नव्हे.

वरचे भाव उदाहरणापुरते आहेत, आजचे टाकून बघा. आणि व्यापारी साधू असतात असंही माझं म्हणणं नाही, व्यापारी गावात येऊन करतो त्या खेडा खरेदीत काटा स्वतः तपासावा. पण भांडायचंच असेल तर उताऱ्यावर भांडा, म्हणजे क्विंटलमागे किती रुई पडते त्यावर. फरदड (हंगाम संपल्यावर ठेवलेल्या झाडांचा कापूस) आणि कवडी (नीट न उमललेल्या, किडक्या बोंडांचा कापूस) वेगळी ठेवा, चांगल्या वेचणीचा थोडा माल जिनमध्ये काढून बघा. ३४ ऐवजी ३६ किलो रुई पडली तर, सरकी २ किलो कमी धरूनही, वरच्याच भावाने क्विंटलमागे १९२ रुपये जादा मागता येतात.